उजेडात टांगलेल्या किल्ल्या

थोरलीच्या दुकानात आवाज चढवायचा मान फक्त थोरलीचा होता. त्यामुळे त्या सकाळी दातवाला डॉक्टर काउंटरवर मूठ आपटून बोलायला लागला, तेव्हा किल्ल्या कापायच्या मशीनवर वाकलेल्या तिच्या मुलाने आधी मशीन बंद केलं आणि मग हळूच कोपरा गाठला. आता काय होणार हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं.

"तीन घरं, मावशी! दाराला ओरखडा नाही, कडी वाकलेली नाही. चोर किल्लीने आत आला आणि जाताना कुलूप लावून गेला. कपाट रिकामं आणि कुलूप जागच्या जागी! तिन्ही घरांच्या किल्ल्या कुणी कापल्या होत्या? तुम्ही."

"मग? अर्ध्या वस्तीच्या किल्ल्या मीच कापल्यात," थोरली म्हणाली. "उद्या तुझं पोट बिघडलं तर पाण्याच्या टाकीवर चढून बोंबलशील का?"

"बोंबलेन! टाकीत कुणी काही कालवलं असेल तर जरूर बोंबलेन. माझं घर फुटलंय, मावशी. तुमचं नाही."

बाहेर दोघीतिघी थबकल्या. एकीच्या हातात रिकामी पिशवी होती, बाजार राहिला बाजूला. थोरलीला ते थबकणं मूठ आपटण्यापेक्षा जास्त झोंबलं. नवरा गेल्यावर दुकान बंद करा म्हणणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना तिने एकेक करून दाराबाहेर काढलं होतं, आणि कुलपाची सगळी विद्या त्याच्याच हत्यारांवर शिकून घेतली होती. शाळेत ती कशीबशी अक्षरं जुळवण्यापुरती गेली. पण किल्ली एकदा डोळ्यांखालून गेली की तिचा एकेक दात तिला पाठ. सगळ्या वस्तीची घरं आपल्या मुठीत आहेत आणि तरी वस्ती सुखाने झोपते, याचा तिला इतका माज होता की तो तिच्या चालण्यातसुद्धा दिसायचा.

तिच्या पाठीमागे भिंतभर फळा होता. दुकानाची रीतच तशी होती. गिऱ्हाइकासाठी किल्ली कापली की तिची आणखी एक जोड कापायची आणि इमारतीचं व घराचं नाव घातलेली चकती लावून फळ्यावर टांगायची. कुणाची किल्ली हरवली, कुणाचं पोर आत अडकलं, की धावत यायचं थोरलीकडे. ती चेहरा बघून किल्ली द्यायची. एकदा एका गिऱ्हाइकाचा सख्खा भाऊ आला होता, त्यालासुद्धा तिने हात हलवत परत पाठवलं. म्हणाली, मी चेहरे ओळखते, नाती ओळखत नाही. आणि किल्ल्या टांगायच्या त्याही कशा? चपटी बाजू समोर, दात सगळ्यांचे एकाच दिशेला. एक किल्ली जरी तिरकी दिसली तरी मुलाची कानउघाडणी व्हायची.

"दुपारी आम्ही सगळे इथे येणार," डॉक्टर म्हणाला. "चोर कोण ते सांगा, नाहीतर पोलिसांत तुमच्या दुकानाचं नाव द्यायचं ठरलंय. आणि पुन्हा इथे कुणी चिमुकलं कुलूपसुद्धा आणणार नाही."

थोरलीच्या डोळ्यांपुढे आदल्या दिवसाचं दृश्य उभं राहिलं. भांडायला काहीतरी कारण काढून ती वर सुनेच्या खोलीत गेली होती. सून एका जुनाट लॅपटॉपपुढे बसलेली. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी, पडद्यावर मधोमध एक लहानशी खिडकी, आणि सासूची चाहूल लागताच सुनेने तो फटकन मिटलेला. नंतर मुलाचा कान पिळल्यावर त्याने सांगितलं होतं, "डार्क वेब म्हणतात त्याला, आई." हा शब्द थोरलीने टीव्हीवर ऐकला होता. चोरीचा माल विकतात तिथे.

"दुपारपर्यंत कशाला?" ती आवाज बाहेरच्यांनाही जाईल असा चढवून म्हणाली. "माझ्याच घरात कोण चोरबाजारात जातं ते मला ठाऊक आहे. लॅपटॉप मिटून बसते, डोळ्याला डोळा भिडवत नाही. या दुपारी. सुनेला तुमच्यासमोर उभी करते, मग विचारा तिला!"

मुलगा कोपऱ्यातून "आई, अगं" एवढंच म्हणाला. त्यापुढे त्याची मजल जात नव्हती. बाहेरच्या बायका मात्र पिशवी सावरत लगबगीने निघाल्या. त्यांचा बाजार झाला होता.

थोरली जिना चढून वर गेली आणि दार न वाजवता आत शिरली.

सून एका इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात होती आणि आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करायची. तिने मान वर केली. "खालून सगळं ऐकू आलं. चोर म्हणालात मला."

"जातेस की नाही तिथे?"

"जाते. पगार त्याचाच मिळतो मला. इस्पितळातल्या पेशंटांची माहिती चोरून कुणी तिथे विकायला ठेवलीय का, हे बघायला जाते. साहेबांना सांगून जाते. आणि तिसरं घर फुटल्यापासून तुमच्यासाठी जातेय."

"माझ्यासाठी? मी काय मागितलं होतं?"

"तुम्ही कधी काही मागता? तुम्ही फक्त आरोप करता. बसा. आणि कशालाही हात लावू नका."

थोरली बसली. सुनेने सांगितलं म्हणून नाही, गुडघे दुखत होते म्हणून.

लॅपटॉप उघडला. सून म्हणाली, "हे मशीन वेगळं आहे. यात आपले फोटो नाहीत, बँक नाही, कुणाचं नाव नाही. हा ब्राउझरही वेगळा, बनवणाऱ्यांच्या खऱ्या साइटवरूनच घेतलेला. भलत्या ठिकाणाहून घेतला तर आत काय भरून येईल सांगता येत नाही. आता समजा, तुम्हाला एक निरोप धाडायचाय. तुम्ही तो पहिल्याला दिलात, त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला. पहिल्याला तुम्ही माहीत, पण निरोप कुठे चाललाय ते नाही. तिसऱ्याला ठिकाण माहीत, पण धाडणारा कोण ते नाही."

"आणि मधला?"

"मधल्याला कुणाचाच पत्ता नाही."

"म्हणजे माझ्या मुलासारखा," थोरली म्हणाली.

सुनेने हसू गिळलं. एवढ्या लवकर तिला हसायचं नव्हतं.

"आणि तिथे सगळे चोरच?"

"नाही. सरकारच्या डोळ्यांवर येतील असे बातमीदार असतात. नवरा फोन तपासतो म्हणून गुपचूप मदत शोधणाऱ्या बायका असतात. चोरही असतात. कुलूप चांगल्या माणसाच्याच दाराला असतं का? तुमच्या धंद्यात नाही का दोन्ही?"

हे उत्तर थोरलीला आवडलं, म्हणूनच तिने तोंड वाकडं केलं. पडद्यावरची खिडकी लहान होती, अक्षरं त्याहून लहान. मोठी करायला तिने बोट पुढे केलं, तर सुनेने तिच्या हातावर सरळ चापट मारली. या घरात थोरलीच्या हातावर आजवर कुणी चापट मारली नव्हती.

"सांगितलं ना, हात नाही लावायचा! खिडकी मोठी केली की समोरच्याला आपल्या पडद्याचं माप कळतं. अशी बारीकसारीक मापं गोळा करत गेलं की माणूस ओळखता येतो."

"एवढ्याशा मापावरून?"

"एवढ्याशा."

थोरलीने बोट मागे घेतलं. मापावरून काय काय करता येतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

सून पत्ते टाकत होती. पत्ते कसले, पोराने कळफलकावर मूठ आपटावी तशी अक्षरांची रांग. एक अक्षर चुकलं तर हुबेहूब तशीच दिसणारी खोटी जागा उघडते, म्हणून पत्ता ओळखीच्या ठिकाणाहूनच घ्यायचा, ती म्हणाली. आपलं नाव द्यायचं नाही, ईमेल नाही, नेहमीचं टोपणनावही नाही. काही विकत घ्यायचं नाही. तिथली फाइल उतरवून घ्यायची नाही, आणि चुकून उतरलीच तर उघडायची नाही. आणि मुख्य म्हणजे कुणाशी बोलायचं नाही.

"मग जायचं तरी कशाला? मुक्याने बाजार करायला?"

"बघायला. बघून कळतं. तोंड उघडलं की आपण कळतो. आणि एवढं सगळं करूनही आपण दिसणारच नाही, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही."

पान उघडायला इतका वेळ लागत होता की थोरलीने मधल्या वेळात खोलीतल्या पडद्यांना, धुळीला आणि सुनेच्या माहेरच्या वळणाला नावं ठेवून घेतली. मग सुनेचा हात थांबला. "हे कालच सापडलं होतं मला. फोटो उघडत नव्हता, म्हणून खात्री नव्हती. आज उघडतोय."

फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उमटत गेला. आधी पितळी खिळे. मग चकत्या. मग किल्ल्या, चपटी बाजू समोर, दात सगळ्यांचे एकाच दिशेला. डाव्या कडेला फोटो कापलेला होता, तिथे कुणाचा तरी हात तेवढा दिसत होता, आणि त्या हाताची करंगळी वाकडी होती. थोरलीने नकळत आपली करंगळी मुठीत लपवली. ती पूर्वी मशीनमध्ये सापडली होती.

फोटोखाली किल्ल्यांच्या खुणा होत्या. कुठली इमारत, कुठलं घर, वर्णन सगळं चकत्यांवरून उचललेलं. तीन खुणांवर रेघ मारली होती. विकलेल्या.

"बाकीच्या?"

"विकायच्यात."

थोरलीला तो फोटो आठवत होता. दुकानाचं इंटरनेटवर पान करायचं ठरलं, तेव्हा तिने मुलाला उसना चांगला कॅमेरा आणायला लावला होता. मागची एकेक किल्ली दिसली पाहिजे, असा तिचा हुकूम होता. लोकांना कळू दे कुणाच्या हातात किती घरं विश्वासाने आहेत! केस विंचरून, मान ताठ करून ती फळ्यापुढे उभी राहिली होती.

"तेव्हा मी म्हटलं होतं, फळ्यावर चादर टाका," सून म्हणाली. "तुम्ही काय म्हणालात आठवतंय? 'माल झाकायला मी चोरीचा धंदा करते का?' हा फोटो काळोखातून नाही गेला, आई. आपल्या पानावर उघड्यावर लावला होता, कुणीही बघावा म्हणून. कुणीतरी बघितला. तिथे फक्त विकायला ठेवला."

थोरली पडद्याकडे बघत राहिली. एक चांगली किल्ली कापायला तिला किल्ली हातात लागतच नव्हती, नुसती दिसली की पुरे. मग दुसऱ्या कुणाला का लागावी? एवढी साधी गोष्ट. रोज हाताखालून जाणारी.

"मी पोलिसांच्या सायबर विभागाला फोन करून येते," सून उठली. "तुम्ही नुसत्या बसा. बसाल ना?"

सून गॅलरीत गेली. थोरली बसली. पण त्या पानाच्या तळाशी उत्तर लिहायची एक रिकामी चौकट होती आणि ती चौकट थोरलीच्या डोळ्यांत खुपत होती. कुणीतरी मेला तिच्या भिंतीवरच्या किल्ल्या बाजारात मांडून बसलाय, आणि आपण मुक्याने बघायचं? आयुष्यात ती कुणाचं ऐकून गप्प बसलेली नव्हती. नवऱ्याचंसुद्धा नाही, आणि तो तर चांगला होता. तिने एका बोटाने अक्षरं शोधायला सुरुवात केली.

सून परत आली आणि तिने इंटरनेटची वायर अशी उपटली की टेबल हललं.

"पाठवलंत?"

"नाही. पाठवायचं बटण कुठे असतं तेच कळेना."

सुनेने वाचलं. चार शिव्या होत्या, त्यातली एक तिने पहिल्यांदाच बघितली. आणि शेवटी दुकानाचं नाव.

"दुकानाचं नाव टाकलंत!"

"मग? शिव्या काय निनावी देऊ? मी घाबरते का त्याला?"

"तुम्ही नाही घाबरत, पण ज्यांच्या किल्ल्या त्यांनी घाबरावं ना!" सुनेचा आवाज थोरलीएवढा चढला. "मालकाला कळलंय हे त्याला कळलं तर तो ते पान काढून पळेल, आणि उरलेल्या किल्ल्या मिळेल त्याला देऊन टाकेल. पोलीस म्हणतात, त्याला गाफील राहू द्या, आम्ही मागावर लागतो. आपलं पान आजच बंद करा, आणि कुलपं बदला. आज. आणि तुम्ही इथे त्याला घरचा पत्ता लिहीत बसलाय!"

थोरलीने कळफलकावरचं बोट काढून घेतलं. खाली दुकानात माणसं जमल्याचा आवाज यायला लागला होता.

डॉक्टर पुढे होता. त्याच्या शेजारी बँकेतली बाई, जिचं घर दुसरं फुटलं होतं, आणि मागे दुकानात मावतील तेवढे. थोरली काउंटरमागे येऊन उभी राहिली. सून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हाताची घडी घालून थांबली. खाली आली नाही, वरही गेली नाही.

"चोर दाखवणार होतात," डॉक्टर म्हणाला. त्याची नजर जिन्याकडे गेली. सगळ्यांचीच गेली. "सकाळी तुम्हीच नाव घेतलंत."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. वस्तीला सून तशीही आवडत नव्हती. कुणाशी बोलत नाही, दिवसभर लॅपटॉपपुढे. फोटो संध्याकाळपर्यंत उतरला असता, कुणाला कधी कळलंही नसतं. सून बोलणार नाही, हेही थोरलीला दिसत होतं. तिच्या तोंडावर तोच ताठा होता जो थोरलीला रोज आरशात दिसायचा, आणि असल्या ताठ्याची माणसं स्वतःची बाजू मांडत बसत नाहीत.

थोरली वळली. फळ्यावरून डॉक्टरच्या घराची किल्ली काढली, पकडीत घट्ट आवळली आणि कानस चालवायला लागली. खर्र, खर्र. दात एकेक करून सपाट झाले. मग तिने ती गुळगुळीत पट्टी त्याच्यापुढे टाकली.

"हे काय?"

"घरी जा आणि दाराचं कुलूप काढून घेऊन ये. आतल्या पिना बदलून देते, नवी किल्ली देते. सगळ्यांना सांगते, आज झोपायच्या आत सगळ्यांनी आणायचं. पैशाचं नाव जो काढेल त्याला दारातूनच परत पाठवीन."

डॉक्टर पट्टीकडे बघत राहिला. "म्हणजे किल्ल्या इथूनच गेल्या?"

"मग काय तुझ्या दवाखान्यातून गेल्या? मी नटून फोटोला उभी राहिले आणि माझ्या मागे तुमची घरं उभी केली. किल्लीचा फोटो म्हणजे किल्ली. हे या दुकानात मला नाही कळणार तर कुणाला कळणार? कुणी तरी तो बघून विकला. कुठे विकला ते हिने शोधलं." तिने जिन्याकडे बघितलं नाही. "पोलिसांत जायचं म्हणत होतास ना? जा. ती तुझ्या आधीच बोललीय त्यांच्याशी."

एकच गलका झाला. बँकेतली बाई पुढे सरसावली. "आणि आता आम्ही पुन्हा तुमच्याच हातात कुलूप द्यायचं? लाज नाही वाटत?"

"नको देऊस. दुसऱ्याकडे जा. पण आज बदल. उद्यावर टाकलंस तर मी स्वतः येऊन तुझ्या दारात बसेन, आणि मी दारात बसलेली तुला चोरापेक्षा महाग पडेल."

बाई पाय आपटत निघून गेली. तिच्यामागे बरेच गेले. कोण कुलूप काढायला गेला आणि कोण कायमचा गेला, हे त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं. थोरली एकेक किल्ली काढत, कानस चालवत राहिली.

सून काउंटरशी आली. "सकाळी सगळ्या वस्तीसमोर चोर म्हणालात मला."

"म्हणाले."

"मग?"

"माफी गिऱ्हाइकाची मागतात. घरच्याला काम देतात. ती दुसरी कानस घे."

"कानस तुमची तुम्ही धरा. तुमच्या दुकानात मी हमाली करायला आलेली नाही. मला पानाचा पासवर्ड हवाय, ते बंद करायचंय."

"मला काय माहीत? ते याने केलं."

दोघींनी कोपऱ्याकडे बघितलं. मुलगा पुटपुटला, "दुकानाचं नाव... आणि पुढे एक दोन तीन."

लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच सासूच्या आणि सुनेच्या चेहऱ्यावर अगदी एकसारखा भाव होता.

"गुळाचा गणपती," थोरली म्हणाली.

"तुमचाच आहे," सून म्हणाली आणि मुलाला दंडाला धरून वर घेऊन गेली.

फळ्यावर खिळे उरले आणि खिळ्यांखाली किल्ल्यांच्या आकाराच्या फिकट खुणा. थोरलीने त्यावर चादर टाकली नाही. झाकायला आता काही नव्हतं.

पहिला परत आला तो डॉक्टर. टॉवेलात गुंडाळलेलं कुलूप त्याने काउंटरवर ठेवलं, ठेवलं कसलं, आदळलं. "मी इथेच बसणार. तुम्ही काय करता ते डोळ्यांनी बघणार."

"बस," थोरलीने स्टूल पायाने त्याच्याकडे ढकललं. "पण रस्त्याकडे तोंड करून. किल्ली होताना यापुढे कुणी बघायचं नाही. तूही नाही."

डॉक्टर तिच्याकडे बघत राहिला. मग दात खात त्याने स्टूल फिरवलं, आणि दुकानाकडे पाठ करून बसला.